कुलरवालीचा हीटर

आमची आई कुलर बनवते. घराखालच्या गॅरेजमध्ये ती थंडीभर पत्रा कापते, तेव्हा कुठे उन्हाळ्यात गिऱ्हाइकांना गार हवा मिळते. पण डिसेंबरात तो पत्रा असा गारठतो की हात लावताच बोटं बधिर होतात. शेवटी मीच तिला ओढत सीताबर्डीला हीटर घ्यायला नेलं.

दुकानदाराने मोठ्या कौतुकाने पंख्याचा हीटर लावून दाखवला. आई भडकली. "हवा फेकायची मशीन मलेच दाखवून राहिला का गा? मले गरमी पाहिजे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मात्र एकेका हीटरपुढे शांतपणे तळहात धरला आणि लाल तापणाऱ्या दांडीचा साधा हीटर उचलला.

घरी येऊन तिने त्याचं तोंड पत्र्याकडे केलं.

"आई, स्वतःकडे कर ना!" मी चिडले.

"काहून वं? मी गरम झाली तरी पत्रा थंडाच राहते. पत्रा तापला की हात आपोआप तापतात."

वाद घालायचा म्हणून मी पत्र्यावर हात ठेवला. त्या उबेवरून हात मग उचलवेना.