मथुरामावशींचा हात

पिंजऱ्याचं झाकण उघडण्याआधी मथुरामावशी त्यावर नखाने दोनदा टकटक करायच्या आणि आत डोकावून विचारायच्या, "येऊ का रे?" आत पाच पांढरे उंदीर असायचे. पहिल्या दिवशी मला हसू आलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चपलांसकट शिरले होते. "म्याडम, घर हाय त्यांचं," एवढंच म्हणाल्या.

आमची प्रयोगशाळा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आणि उंदरांचं दालन तिच्या मागच्या बाजूला. मावशी जवळच्याच पाम गावच्या. सालवडपर्यंत शेअर रिक्षाने यायच्या, पुढे चालत. आधी त्या एका कारखान्यात रसायनांची पिंपं धुवायच्या. ठेकेदाराने त्यांना आमच्याकडे पाठवलं आणि त्या उंदरांच्याच होऊन गेल्या. अंगाने काटक, तोंडाने फटकळ. सुपरवायझरलाही "बूट भायेर काड आदी" म्हणून सुनवायच्या आणि तो मुकाट काढायचा.

त्यांची एक पद्धत होती. पिंजरा बदलताना जुन्यातला ओलसर भुसा मूठभर उचलायचा आणि तळहातांवर, मनगटांवर चोळायचा. हातमोजे खिशात. "रबराच्या वासानं बावचळतात ते. आपल्याच मानसाचा वास आला की कसे गप बसतात, बगा." आणि बसायचेही. मी धरलेला उंदीर हातात मुतायचा, चावायला बघायचा. तोच मावशींच्या तळव्यावर निवांत मिशा साफ करायचा. मी दोन पदव्या घेऊन आले होते, पण उंदरांना त्याचं काय!

आमचं काम ऍलर्जीवर. शरीरात ऍलर्जीची प्रतिपिंडं तयार होतात आणि पेशींवर त्यांना धरणाऱ्या पकडी असतात. एक पकड घट्ट; भडका तिच्यामुळे उडतो. दुसरी सैल, आणि ही सैल पकडच भडका आवरत असावी, असा आमचा अंदाज. ती जन्मतःच नसलेले उंदीर आम्ही मुद्दाम मागवले होते. त्यांना आणि साध्या उंदरांना अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन आधी टोचायचं, मग हुंगवायचं, आणि काचेच्या डबीत ठेवून श्वास मोजायचा. भेदरलेल्या उंदराचा आकडा फुकट जातो. म्हणजे सगळा प्रयोग मावशींच्या हातावर उभा होता.

मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं, तर सैल पकड नसलेल्या उंदरांकडे बघत त्या म्हणाल्या, "म्हंजी भांडनात मदी पडनारं मानूसच नाय यांच्यात. मंग घर पेटनारच की." इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग मावशींना शिंका यायला लागल्या. डोळे लाल, पुढे खोकला, आणि पावसाळ्यानंतर छातीत बारीक शिट्टी. रविवारी घरी ठणठणीत, सोमवारी दुपारी पुन्हा सुरू. उंदराच्या मुतातली प्रथिनं माणसाला हेच करतात. यावर मी व्याख्यानं देत असे. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण मला तेवढीही सबब नाही. मला लख्ख दिसत होतं.

"डॉक्टरांना दाखवू या, मावशी. आणि हातमोजे घाला."

"दाखवलं की काडतील मला हितून. परत पिंपं धुवायला." त्यांनी माझ्याकडे न बघता भुसा भरला. "तितं माजं नाव पन कोनाला ठावं नव्हतं, म्याडम. हितं हे सगले वाट बगतात. तुमी नका बोलू कोनाला."

मी नाही बोलले. त्यांच्यासाठीच गप्प बसले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. प्रयोगाचे दोन महिने राहिले होते, हे खरं कारण. मी बोईसरच्या दुकानातून दम्याचा पंप आणून दिला, कसा ओढायचा ते शिकवलं. कामगारांच्या वार्षिक तपासणीत नळीत फुंकायला लावून श्वास तपासतात. त्याच्या थोडं आधी पंप ओढून जा, हेही मीच सांगितलं. मावशी पास झाल्या. दुसऱ्या दिवशी वाडीतली तोंडली घेऊन आल्या. "तुमच्यामुलं ऱ्हायले मी हितं," म्हणाल्या. ती भाजी मी खाल्ली.

प्रयोग छान झाला. सैल पकड नसलेल्या उंदरांची फुप्फुसं साध्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त सुजली. अंदाज खरा ठरला, माझी पाठ थोपटली गेली, आणि मावशींना न विचारता मी पुढच्या तुकडीची तारीख ठरवून टाकली.

त्या तुकडीतला एक उंदीर मावशींनी धरला होता आणि मी सुई टोचत होते. माझा हात घाईत चुकला. उंदीर उसळला आणि मावशींच्या बोटाला कडकडून चावला. मावशींच्या इथल्या नऊ वर्षांत पहिल्यांदा. "त्याला रागवू नका, तुमी घाई केली," म्हणत त्यांनी त्याला पिंजऱ्यात ठेवलं. उंदराच्या लाळेतही तसलीच प्रथिनं असतात, ती आता थेट रक्तात गेली होती. मावशी तळहात खाजवू लागल्या. गळ्यावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज आत गेला. अशा वेळचं इंजेक्शन आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत नव्हतं. ते मागवायचं, तर इथे कुणाला तरी ऍलर्जी आहे असं लिहून द्यावं लागलं असतं. कंपनीच्या गाडीत मावशींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास मोजायची मला सवय. बोईसरचा दवाखाना येईपर्यंत मोजण्यासारखं काही उरलं नाही.

त्यांचे यजमान शेतातून तसेच आले, पायाला चिखल. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "आधी दम्याचा वगैरे काही त्रास होता का?"

"नाय ओ. कंपनीत दर वर्साला फुंकून बगतात. पास व्हायची ती." ते माझ्याकडे वळले. त्या सगळ्या गर्दीत ओळखीची मी एकटीच होते. "म्याडमना इचारा ना. त्या हुत्या तिच्यासंगं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "पास व्हायच्या."