चोथ्यावरची वांगी

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पिंपरीच्या औषध कारखान्यात पुन्हा एक टाकी पातळ झाली, तेव्हा टाकीवरच्या कामगाराला, लालमहंमदला, शिवी द्यायचाही कंटाळा आला. औषध बनवणारे जिवाणू नीट वाढले की टाकीतला रस आंबिलीसारखा दाट व्हायचा. हा ताकाच्या निवळीसारखा होता. आणखी एक टाकी गेली तर विभाग बंद करू, असं वरून बजावलं होतं. विभाग बंद म्हणजे लालमहंमद घरी.

"जिवाणू आतून फुटलेत," विभागाचे केमिस्ट मधुसूदन म्हणाले. "विषाणू जिवाणूच्या आत शिरतो, तिथंच वाढतो. निघायच्या वेळी एक एन्झाइम बनवतो. ते जिवाणूची भिंतच खाऊन टाकतं."

"म्हणजे भाडेकरू घर पाडून जातो."

"हो, आणि गोतावळा वाढवून."

टाक्या वाफेनं धुतल्या, झडपा बदलल्या. विषाणू येतो कुठून, ते कळेना.

रविवारी मधुसूदन कासारवाडीला लालमहंमदकडे जेवायला गेले. त्याच्या बायकोनं, नजमुन्निसानं, परसातल्या वांग्यांचं भरीत केलं होतं.

"भाभी, खत कुठलं घालता?"

"तुमच्याच कारखान्याचा चोथा. हे आणतात पोत्यानं."

रस गाळून उरलेला चोथा सगळेच कामगार घरी नेत. मधुसूदनांचा घास हातातच राहिला. वाफ्याच्या कडेला लालमहंमदचे कामावरचे बूट होते, मातीनं माखलेले. जाताना त्यांनी कागदात चिमूटभर माती बांधून घेतली.

प्रयोगशाळेत त्या मातीच्या पाण्यानं जिवाणूंच्या पांढऱ्या थरात भोकं पाडली; तिथले जिवाणू फुटून गेले होते.

"मातीत विषाणू असतोच. चोथ्यातल्या जिवंत जिवाणूंवर पोसला, बुटांना लागून परत आला."

"माझ्याच बुटांना, साहेब?"

"सगळ्यांच्याच, लालभाई."

त्यानं लालमहंमदला काही बरं वाटलं नाही. चोथा नेणं बंद झालं, बूट कारखान्यातच राहू लागले. मातीतला विषाणू मारायला लालमहंमदनं वाफ्यावर टाकायची ब्लीचिंग पावडर आणली.

"चोथा घाल म्हणून तुम्हीच मागं लागला होतात," नजमुन्निसा म्हणाली. "या घरात माझ्या मनासारखा हा एवढा वाफाच आहे."

"नोकरी गेली तर घरही सोडावं लागेल, नजमा."

ती वाफ्यात शिरली. पदराची झोळी करून वांगी तोडू लागली, बोटाएवढी कोवळीसुद्धा. सगळी तोडून झाल्यावर बाजूला सरकली.

पुढची टाकी दाट निघाली. वाफा गेला पण नोकरी राहिली, हे घरी जाऊन नजमुन्निसाला कसं सांगावं, याचा विचार करत लालमहंमद स्टेशनच्या बाकावर बराच वेळ बसून राहिला.