वडशात सापडलेला नाटकाचा फोटो

नागपूरहून चिमूरची एसटी सुटली आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणाकडे चाललात? म्हटलं, जुने फोटो बघायला. त्या जरा सरकून बसल्या. या बाजूला लोक येतात ते वाघ बघायला. मी सांगलीहून इतक्या लांब आले, ती परक्यांच्या भिंतींवरचे फोटो बघायला. हौसेला मोल नसतं. आमची ताई म्हणते, अक्कलही नसते.

चिमूरने निराश केलं नाही. ओळखीतून एका घरी गेले, तिथे बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या आजोबांच्या फोटोशेजारी त्यांच्या लग्नाचा फोटो होता. नवरीचे डोळे जरा विचित्र वाटले. विचारलं तर कळलं, क्लिक होताना तिने डोळे मिटले होते, म्हणून फोटोवाल्याने मिटल्या पापण्यांवर शाईने उघडे डोळे काढून दिले. घरातल्या कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. चार पिढ्या त्या डोळ्यांच्या पाया पडत आल्या आहेत. मला ती सोय फारच आवडली.

ब्रह्मपुरीवरून वडशाला पोचले तेव्हा भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं होती. धान घरात आलं की इकडे गावोगाव नाटकं लागतात, ती थेट होळीपर्यंत. मी ज्यांना भेटायला आले होते, त्या मनोहरभाऊंच्या वडिलांचा इथे फोटो स्टुडिओ होता. आता तिथे झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज चालतं, पण मागच्या खोलीत वडिलांचा रंगवलेला पडदा अजून आहे, आणि त्यावर समुद्र, गलबत, नारळाची झाडं! दाराशी जंगल असलेल्या माणसांना फोटोत मात्र समुद्र हवा असायचा. मनोहरभाऊ हल्ली जुन्या काचा (निगेटिव्ह) पुसून त्यांचे फोटो काढतात. कोणी विचारत नाही, तरी काढतात. अशा माणसाला मी नमस्कार न करून कसं चालेल?

त्यातलाच एक त्यांनी पुढे ठेवला. एका नाटक मंडळीचा, स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतला. मध्ये भरघोस मिशीचा, मुकुट घातलेला राजा, शेजारी नऊवारीतली, नथ घातलेली राणी, आजूबाजूला प्रधान, शिपाई, आणि खाली पेटी घेऊन बसलेला मिसरूड न फुटलेला एक जण. राणीचं काम पुरुषानेच केलं होतं, त्या वेळची रीतच ती, पण भाऊंनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही, इतकं देखणं रूप.

भाऊ म्हणाले, कुरखेड्याकडच्या भागीरथीबाईंचे वडील यात आहेत. बाई कधीपासून हा फोटो मागताहेत, पण वडील नेमके कोणते हे त्यांनाही ठाऊक नाही. यातला पेटीवाला तेवढा हयात आहे, डोमाजीभाऊ. मी कुरखेड्याला जाणारच होते. फोटो आपणहून पिशवीत घातला.

एसटीत डुलकी लागली आणि बाईंचं गाव मागे राहिलं. कापलेल्या धानाच्या बांधांवरून उलटं चालत गेले, चपलेचा अंगठा तुटला. सत्तरी ओलांडलेल्या भागीरथीबाईंनी काही न विचारता आधी जेवायला वाढलं. भात, आणि बोडीतले (लहान तलावातले) झिंगे वांग्यात घातलेले. मी दोनदा मागून घेतलं.

जेवताना त्यांनी सांगितलं. त्या पाळण्यात असताना वडील हिवतापाने गेले. आईने दुसऱ्याशी पाट लावला, आणि त्या घरात पहिल्या नवऱ्याचं नाव निघत नसे. आई एवढंच बोलली होती, की तुझ्या बापाला बघायला लोक लांबून बंड्या (बैलगाड्या) जुंपून येत.

"मी आता पिकलं पान," त्या म्हणाल्या. "वरत गेल्यावर बापाले ओरखाचं (ओळखायचं) कसं? तोंडच नाई पाह्यलं मी."

मी फोटो हातात दिला. त्यांनी बोट राजावर टेकवलं. लोक ज्याच्यासाठी बंड्या जुंपतात तो राजाच असणार. उठून कुंकू आणलं, राजाच्या कपाळावर लावलं, फोटो देवांशेजारी ठेवला. मला वाटलं, इथेच थांबावं. पण फोटोतल्यांची नावं मागे लिहून ठेवायची माझी जुनी खोड. म्हटलं, सकाळी डोमाजीभाऊंना विचारून येते. बापाला पाहिलेला माणूस भेटणार म्हणून बाईही ऑटोत बसल्या.

डोमाजीभाऊंना कमी दिसतं. फोटो उन्हात धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. कोणाची लेक, हे सांगितल्यावर बाईंचा हात हातात घेतला.

"पोरी, टिक्का चुकीच्या मानसाले लावला तू. हा आमचा मालक. याले ना आवाज ना काई. मुकुट याच्या घरचा होता, म्हनून हा राजा." मग त्यांचं बोट शेजारी सरकलं. "तुहा बाप हा. लोक बंड्या जुंपून येत, ते ह्या रानीले पाहाले."

डोमाजीभाऊंच्या सुनेने पदर तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर जिने बापाची मिशी मनात धरली, तिच्यापुढे मी नथ आणि नऊवारी आणून ठेवली होती. कोणी सांगितलं होतं मला नावं लिहायला?

बाईंनी चष्मा पदराने पुसला. सुनेला म्हणाल्या, आरसा आन. भिंतीवरचा आरसा आला. एका हातात तो, एका हातात फोटो, अशा त्या अंगणात बसून राहिल्या. मीही मागून वाकले आणि पाहिलं. हजारो फोटो बघितल्याचा तोरा मिरवणारी मी, मला कालपासून हे दिसलं नव्हतं!

"हे तं माहेच डोरे (डोळे)," त्या म्हणाल्या. "नाकबी माहं. माय म्हने, तू माह्यावर नाई गेली. कोनावर गेली, ते काई सांगे नाई." मग आरसा खाली ठेवून म्हणाल्या, "राजा झाला असता तं मिशी-मुकुटात मले दिसलाच नसता."

मी रडले, स्पष्टच सांगते. डोमाजीभाऊ पेटी मागत होते, पण ती कधीच मोडीत गेली होती, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

निघताना बाईंनी फोटो मांडीवर घेतला, डोक्यावरचा पदर राणीसारखा नीट केला आणि मला त्यांचा फोटो काढायला लावला. तो मोठा करून द्यायचं काम परतताना वडशात मनोहरभाऊंनी आनंदाने घेतलं.

सांगलीला परत आले. या जंगलाच्या मुलखात मी वाघ पाहिला नाही, त्याची खंत नाही. माणसं एका चेहऱ्यासाठी किती वर्षं थांबू शकतात, हे मात्र पाहून आले, आणि माझ्या छंदाबद्दल आता कोणाची माफी मागावीशी वाटत नाही. ताईने मोबाइलमधला फोटो डोळ्यांजवळ नेला.

"मायलेकी ना गं या? केवढं साम्य!"

"माय नाही," मी म्हटलं. "बाप आहे तो तिचा."