नंदकुमारांचा खालचा सूर

नंदकुमार आपट्यांना एकही गाणं धड म्हणता येत नाही, आणि तरी एके काळी पुण्यात त्यांच्या गाण्याला टाळ्या पडत. थाप नाही ही. साठच्या दशकात कॉलेजातल्या चार पोरांनी ‘डेक्कन फोर’ नावाचा ग्रुप काढला होता. एकसारखे टाय, चापूनचोपून बसवलेले केस आणि रेडिओवरून उचललेली इंग्रजी गाणी. चौघांनी चार वेगळे सूर धरायचे आणि ते एकात एक बसवायचे, ही त्या गाण्यांची सगळी गंमत. उपेंद्र वरची चाल गायचा, पोरी त्याच्याकडे बघायच्या. नंदकुमार सगळ्यात खालचा सूर धरायचे, त्यांच्याकडे कोण बघतंय!

पुढे खडकीच्या कारखान्यात नोकरी, पद्मजाबाईंशी लग्न, संकेतचं शिक्षण, सगळं रीतसर झालं. बाई गेल्या आणि संकेतनं वडिलांना परदेशी, क्लोनडॉकिनला स्वतःकडे आणलं. घर ऊबदार, सून गुणाची, नाव ठेवायला जागा नाही. पण दिवसभर बोलायचं कोणाशी? शेजारचा म्हातारा कुंपणावरून ‘हाऊ आर यू’ म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता आत जातो. नंदकुमारांना फार एकटं वाटे. ग्रुपमधले दोघे वारले होते. उरला होता तो उपेंद्र, तिकडे पुण्यात.

दर रविवारी ते त्याला फोन लावत आणि दोघं गात. आता फोनवर आवाज जरा उशिरा पोचतो. त्यामुळे आधी गाणाऱ्याच्या कानात नुसता गोंधळ, आणि ऐकून साथ करणाऱ्याच्या कानात मात्र दोन्ही सूर नेमके जुळलेले. म्हणून त्यांनी पाळी लावून घेतली होती: एका रविवारी एकानं आधी गायचं, पुढच्या रविवारी दुसऱ्यानं. उपेंद्रला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा नंदकुमारांनी आपली ऐकायची पाळीही त्याला देऊन टाकली. दर वेळी आधी आपणच गायचं, मागून येणाऱ्या आवाजानं चुकू नये म्हणून फोनचा आवाज पूर्ण बंद करायचा, आणि जुळलेलं गाणं उप्याला ऐकू द्यायचं.

एकदा त्यांचं गाणं ऐकत नात रेवा स्वयंपाकघरात बिस्किटं शोधत होती. “आजोबा, दॅट्स नॉट ईव्हन अ ट्यून,” ती हसून म्हणाली.

“अगं, वरचं तिकडे आहे. उप्याकडे,” नंदकुमार म्हणाले. “बिस्किटं त्या वरच्या प्रेसमध्ये आहेत बघ.” कपाटाला इकडे प्रेस म्हणतात, हे एव्हाना त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी ते आवाज बंद करायला विसरले. उपेंद्रनं नेहमीसारखं जड जिभेनं “घे” म्हटलं, नंदकुमारांनी सुरू केलं. एक कडवं झालं तरी पलीकडून काहीच येईना. ते थांबले.

“उप्या, गा की लेका!”

फोनवर उपेंद्रची सून सुचित्रा आली. “काका, बाबांचा गाता आवाज दिवाळीतच गेला हो. दोन-चार शब्द बोलतात, तेवढंच.”

“मग मला सांगायचं नाही?”

“त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, नंद्याला कळलं तर तो गायचा थांबेल.”

नंदकुमारांना आधी राग आला, सणसणीत. आपण इतके महिने कान बंद करून गात बसलो ते कशासाठी? निदान एका टोकाला तरी गाणं पुरं होतंय, या भरवशावर. ते कुठेच होत नव्हतं. मग राग ओसरला आणि त्यांना रडू आलं. खिडकीबाहेर संकेत गाडी धूत होता, त्याला काय सांगणार?

“घे,” उपेंद्र पुन्हा म्हणाला.

नंदकुमारांनी नाक पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी त्यांनी फोनचा आवाज मुद्दाम पूर्ण मोठा केला. पलीकडे काहीच नव्हतं, आणि ते त्यांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं.