आठवीच्या वर्गाचे उपास

वैजयंती मॅडम चिडक्या आहेत, असं गावात कुणीही सांगेल. पण वर्षानुवर्षं मुलांच्याच शाळेत, त्यातही आठवीला गणित शिकवून जी बाई चिडकी झाली नाही, तिच्या पाया पडायला पाहिजे.

चुडाव्याच्या अलीकडं त्यांचं गाव. सासर तिथलंच, शाळाही तिथलीच. एप्रिल लागला की शाळेतल्या पोरांच्या अंगात काय शिरतं ते महादेवच जाणे. शाळा सकाळची, तरी नऊ वाजता पत्रे तापतात. अर्धा वर्ग लग्नसराईत वाढपी म्हणून पळालेला असतो. उरलेले वर्गात असतात, पण वर्गात असून नसल्यासारखे. एक पोरगं वरातीत नाचून पाय मुरगळून आलं, दुसऱ्यानं कंपासपेटीत सरडा आणला. मॅडम कपाळाला हात लावत आणि पुन्हा खडू उचलत.

त्यात आता आठवीला नापास करायचा नियम आला. वर्गात सगळ्यात जास्त धोका होता योगीराजला. पोरगं घरी बसून सगळी गणितं करी. पेपर समोर आला की हात गारठून जाई. त्याचे वडील दिनकरराव मार्चमध्येच शाळेत येऊन सांगून गेले होते, "मॅडम, नापास झाला की देवगाव फाट्याला मामाच्या हॉटेलात धाडणार. कपबश्या विसळंल तरी."

"अहो, जूनमधी पुन्हा परीक्षा असती, दिनकरराव."

"आमी एकदाच बघणार."

तेव्हापासून मॅडमनी शाळा सुटल्यावर त्याला रोज बसवून घेतलं. त्यांचा जीव त्या एका पोरात अडकून पडला होता. तोंडानं मात्र, "गाढवा, त्रिज्येचा वर्ग, त्रिज्येचा!" एवढंच निघायचं.

शनिवारी शेवटचा तास होता. मॅडमनी फळ्यावर वर्तुळ काढून क्षेत्रफळ विचारलं. एकाचंही तोंड उघडेना. मॅडमनी डस्टर आपटलं. "माझ्याच्यानं झालं तेवढं केलं. आता महादेवालाच साकडं घाला!"

असं बोलायची एक रीत असते. मोठ्या माणसांना ती कळते.

सोमवारी गणिताचा पेपर होता. मॅडम वर्गात आल्या तर वर्ग गप्प. आठवीचा वर्ग आणि गप्प! त्यांना आधी भीतीच वाटली. खिडकीत पाण्याच्या बाटल्या मांडून ठेवलेल्या, सगळ्या काठोकाठ भरलेल्या. पोरांचे ओठ पांढरे पडलेले. त्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा सोडतात तोवर मागच्या बाकावरून योगीराज घसरला आणि खाली बसला.

मॅडम धावल्या. पोराचं अंग घामानं थबथबलेलं. त्यांनी बाटली त्याच्या तोंडाला लावली, तर त्यानं दात गच्च आवळले.

"पी की रे! काय झालंय तुला?"

"उपास हाय, मॅडम."

"कसला उपास? परीक्षेच्या दिवशी?"

मॉनिटर दत्ता उभा राहिला. "सगळ्यांनी धरलाय, मॅडम. तुमीच म्हणला न्हाई का, महादेवाला साकडं घाला म्हणून. काल सांच्याला मंदिरात जाऊन आमी घातलं. योग्या पास व्हावा म्हणून. अन् आमीबी झालो तर झालो. निरंकार उपास. पाणीसुद्धा न्हाई."

"पाणीसुद्धा नाही? या उन्हात? कुणी शिकवलं हे?"

सगळ्यांची तोंडं मुजम्मिलकडं वळली. नुकतेच रोजे झाले होते, त्यामुळं बिनपाण्याच्या उपासातला वर्गातला जाणकार तोच. तो बिचारा तक्रारीच्या सुरात म्हणाला, "मैं तो बोला था, मॅडम. पहाटे उठून पोटभर खायचं असतंय. मी खाऊन आलोय. ह्यांनी ते ऐकलंच न्हाई."

बाकीचे रात्रीच्या भाकरीवर होते. काही तर तेवढंही न खाता झोपले होते, जास्त पुण्य लागावं म्हणून.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. आधी त्या रागावल्या, मग समजावलं, मग पुन्हा रागावल्या. "देवाला असली उपाशी लेकरं आवडत नसतात!" सगळं पालथ्या घड्यावर पाणी. योगीराज भिंतीला टेकून बसला होता. "मोडला तर पेपर जाईल, मॅडम. मग मामाकडं जावं लागंल," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. मॅडम स्वतः लग्नापासून सोमवार करत होत्या. उपास कुणी जबरदस्तीनं मोडायला लावला तर मनाला कसं लागतं, ते त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच जास्त वैताग आला. दुसरं काही कारण असतं तर एक धपाटा घालून मोकळं होता आलं असतं.

शेवटी त्यांनी घरी सासूला फोन लावला. सिद्धम्मा रोज संध्याकाळी मंदिराच्या पायरीवर बसतात. गावातल्या प्रत्येक पोरानं कधी ना कधी त्यांच्या हातचा खोबऱ्याचा तुकडा खाल्लेला. मॅडमनी फोनचा आवाज मोठा करून सगळं सांगितलं.

"कुणाचा रे तू पडलेला?" फोनमधून सिद्धम्मा ओरडल्या.

"दिनकररावचा, आजी."

"मुडद्या, नवस करायच्या आधी मला इचारायचं तरी. आता ऐका. उपास मोडायचा न्हाई. झेपत नसंल तर मोठ्या बाईच्या पदरात घालायचा. आमच्या माहेरी आजारी माणसाचा असाच घेतेत. तिनं फेडला की देवाला पोचला. मीच घेतले असते, पर मला शुगरची गोळी हाय. वैजयंती, तू घे."

"मी, आत्याबाई?"

"मग काय मास्तरकीच करायलीस नुसती? घे. अन् कडक हाय, बरं का. पाणी न्हाई."

फोन बंद झाला. मॅडमनी टेबलाकडं पाहिलं. तिथं थर्मासमध्ये चहा होता, डब्यात दाण्याचं कूट घातलेला साबुदाणा होता. त्यांचा सोमवार इतकी वर्षं या दोघांच्या जिवावर सुखात चालला होता. त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि पदर पसरला.

एकेक पोरगं येऊन पदराला हात लावू लागलं, "तुमच्या पदरात, मॅडम." पेपरची वेळ चाललेली.

"सगळे एकदम द्या रे!"

"एकदम चालतंय का, मॅडम? आजीला पुन्हा फोन लावता?" दत्तानं विचारलं.

"तू आधी पाणी पी!"

मग जी झुंबड उडाली! बाटल्या रिकाम्या झाल्या, दुकानातून बिस्किटं आली. योगीराजला मॅडमनी समोर बसवून साखरपाणी पाजलं, त्याच्या तोंडावर रंग येईतो हलू दिलं नाही. पेपर उशिरा सुरू झाला.

ऊन चढत गेलं तशी मॅडमची जीभ टाळूला चिकटली. शिपायानं सवयीनं कपात चहा ओतून समोर ठेवला. तीसेक डोकी झटक्यात वर झाली.

"मॅडम!" दत्ता कुजबुजला.

"कळतंय मला. खाली बघ."

त्या फिरत फिरत योगीराजच्या मागं गेल्या. पोरगं लिहीत होतं. वर्तुळापाशी थांबलं, पेन तोंडात घातलं. मॅडमना बोलायची सोय नव्हती. शंकरा, एवढं एक सुचू दे त्याला, असं मनात म्हणून त्या पुढं सरकल्या. वळून पाहिलं तर त्यानं त्रिज्येचा वर्ग केला होता.

दिवेलागणीला मॅडमनी देवापुढं पाणी ठेवलं आणि मग तांब्याच तोंडाला लावला. सिद्धम्मा म्हणाल्या, "हळू पी, ठसका लागंल." मॅडमनी ऐकलं नाही आणि ठसका लागला.

योगीराज पास झाला. काठावर, पण झाला. दत्ता शाळाभर सांगत फिरला की उपास पावला. मॅडम त्याच्यावर ओरडल्या, "अरे, त्यानं गणितं केली म्हणून झाला!" पण हे सांगताना त्यांचा आवाज हवा तेवढा चढला नाही.

निकालाच्या दिवशी दिनकरराव पोराला घेऊन आले. गुणपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "बरं झालं, मॅडम. पर मेव्हण्याला शब्द देऊन बसलोय. सुट्टीपुरता धाडू का ह्याला?"

मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली. "पोराला सुट्टीत झोपू द्या हो. हाडं दिसायलीत त्याची. विहिरीत पोहू द्या, आंबे खाऊ द्या. अन् जूनमध्ये नववीत दिसला नाही ना, तर मी स्वतः देवगाव फाट्याला येईन आणि तुमच्या मेव्हण्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ह्याच्याकडून पाढे म्हणवून घेईन."

दिनकरराव ओशाळं हसले. "न्हाई धाडत, मॅडम. तुमी फाट्यावर नका येऊ."

"मॅडम," योगीराज म्हणाला, "या की पण. मामाची भजी लय भारी असतेत."

"चप्पल घाल आधी," मॅडम म्हणाल्या. "भाजतंय बाहेर."