अभ्यासिकेचा कोट

मुलाखतीला जाताना पुरुषांनी काय घालावं आणि सोबत काय न्यावं, याची यादी मला आजही तोंडपाठ आहे. हल्ली फोनवर असल्या याद्या ढिगाने मिळतात, सोबत दात दाखवणाऱ्या तरुणांचे फोटो. माझी यादी मात्र मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरची आहे. आमच्या वस्तीत विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून ती चिकटवलेली असायची, पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकाजींच्या वळणदार अक्षरात. कोट गडद, शर्ट पांढरा, इस्त्री कडक. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे. मोजे पांढरे नकोत. डोक्याला तेल बेताचं. अत्तर नको. तंबाखू-सुपारीचा खर्रा आठ दिवस आधीपासून बंद, दात लपवता येत नाहीत. मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे दोन संच, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, फोटो सहा, पेन दोन. मूळ मार्कशीटला लॅमिनेशन करू नये, आणि करून बसला असाल तर तिथे रडू नये. ही शेवटची ओळ खास काकाजींची होती.

त्याच कपाटात कोट लटकलेला असायचा. गडद निळा. निळाच का, हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. काकाजींनी तो खात्यातल्या बढतीच्या मुलाखतीसाठी नागपूरला शिवून घेतला होता. निवृत्तीनंतर घरी लटकवून त्याचं लोणचं घालू का, असं म्हणत त्यांनी तो अभ्यासिकेला देऊन टाकला. सोबत एक टाय आणि आठ नंबरचे काळे बूट. त्यानंतर वस्तीतला जो कुणी मुलाखतीला जाई, तो हाच कोट घालून जाई. कुणाला बाह्या आखूड, कुणाला खांदे उतरलेले. समोरची दोन बटणं, त्यातलं खालचं केव्हातरी हरवलं, तेव्हा काकूंनी स्वेटरचं एक तपकिरी बटण लावून दिलं होतं. जरा मोठंच होतं ते. पण हात पोटावर ठेवून बसलं की दिसत नाही, असं सगळे म्हणायचे.

कोट नेण्याचे नियम दोन. एक, आल्याच्या दुसऱ्या दिवशी इस्त्री करून परत. दोन, आतल्या खिशात चिठ्ठी. आपल्याला काय काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, काय चुकलं, हे सगळं त्या चिठ्ठीत खरं-खरं लिहायचं. खिशात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात अशा चिठ्ठ्या जमत गेल्या होत्या. आमच्यात कोचिंगला जाणारं कुणी नव्हतं. त्या चिठ्ठ्या हेच आमचं कोचिंग.

बी.कॉम. झाल्यावर मी आणि माझा मित्र, दोघांनीही भोपाळच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात अर्ज केला. मित्र रामाकोन्याचा. आमची ओळख कॉलेजातली, पण अभ्यासिकेत तो माझ्याआधी येऊन बसलेला असायचा. रोज सकाळी रामाकोन्याहून बसने यायचा, डबा घेऊन. दोघंही लेखी परीक्षेत निघालो. मुलाखतीसाठी मला आधीची तारीख मिळाली, त्याला चार दिवसांनंतरची. कोट एक असून आमचं भागणार, याचाच आम्हाला मोठा आनंद झाला.

पांढुर्ण्याहून गाडी पकडली. कोट हँगरवर, वरून प्लास्टिक. बर्थच्या खुंटीला तो लटकत होता आणि इटारसीपर्यंत मी त्याच्याकडेच बघत बसलो होतो. भोपाळला नात्यातल्या एकांकडे राहिलो. सकाळी आरशासमोर उभा राहिलो तर बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या. काकाजी उंच माणूस. मी दोन्ही बाह्या आतून दुमडून टाचण्या लावल्या.

बाहेर बाकावर इतर मुलं बसली होती. त्यांच्या अंगावरचे कोट त्यांच्या मापाचे होते. एकाने विचारलं, कहाँ से हो. सौंसर म्हटलं तर त्याला कळलं नाही, मग पांढुर्णा म्हटलं, तर तो म्हणाला, अच्छा, संत्रेवाला. मला ते लागलं. का लागलं, ते आजही सांगता येत नाही, कारण त्यात वाईट काहीच नव्हतं. पण आत शिरलो तो असा, आधीच चिडलेला आणि आधीच लहान झालेला.

आत दोन साहेब आणि एक बाई. प्रश्न साधेच होते. मॅनेजमेंटच का, तुमच्या भागातून काय काय बाहेर जातं, त्याच्या विक्रीत अडचण कुठे येते. चिठ्ठ्यांची पुण्याई, मी बरा बोलत होतो. मग एका बाहीची टाचणी सुटली आणि बाही घसरून बोटांवर आली. बाईंनी ते पाहिलं. हसून, अगदी सहज, त्यांनी हिंदीत विचारलं की कोट छान आहे, तुमचाच का?

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. आमच्या अभ्यासिकेचा आहे, आम्ही सगळे हाच घालून मुलाखती देतो. आज मी त्या खुर्चीच्या पलीकडे बसतो, कंपनीसाठी मुलं निवडतो, आणि एखाद्याने असं उत्तर दिलं तर मी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवीन. पण तेव्हा मी म्हणालो, हो, माझाच. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी पुढे सांगितलं की याच मुलाखतीसाठी नागपूरला शिवून घेतला, टेलरने बाह्या जरा लांब कापल्या. एक साहेब म्हणाले की टेलरने बटणही आपल्या मर्जीचं लावलेलं दिसतं. तिघंही हसले, मीही हसलो. त्यानंतरची पाच मिनिटं छान गेली.

परतीच्या गाडीत मी चिठ्ठी लिहायला बसलो. सगळे प्रश्न लिहिले, उत्तरं लिहिली, कुठे अडखळलो तेही लिहिलं. कोटाचा प्रश्न आला आणि पेन थांबलं. तो लिहायचा तर उत्तरही लिहायला हवं. काकाजींचा कोट, वस्तीतल्या इतक्या पोरांनी घातलेला, त्याला मी परक्या लोकांसमोर माझा म्हणून आलो, हे काकाजींच्याच कपाटात लिहून ठेवायचं? माझी हिंमत झाली नाही. दुसरा विचार त्याहून वाईट होता, तोही सांगून टाकतो. मित्राची मुलाखत त्याच तिघांसमोर होती. त्यांनी त्याला कोटाचं विचारलं आणि तो खरं बोलला, तर मी खोटारडा ठरणार होतो, आणि निकाल अजून लागायचा होता. त्याला सावध करायचं तर माझं खोटं आधी त्याला सांगावं लागणार होतं. शेवटी मी स्वतःची समजूत घातली की दिवसाला पन्नास पोरं बघणारे लोक कोट कशाला लक्षात ठेवतील. चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात सरकवली.

दुसऱ्या दिवशी इस्त्री करून कोट अभ्यासिकेत नेला. मित्र वाटच पाहत होता. त्याने हात पुसून कोट घेतला आणि विचारलं, "काय काय विचारलं बे? काही आडवंतिडवं?"

मी म्हणालो, "सगळं चिठ्ठीत लिहून आहे."

त्याने माझ्यासमोरच चिठ्ठी काढून वाचली, दोनदा. त्याला त्या बाह्या बरोबर बसल्या, तो माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता. काकाजींनी त्याच्या खांद्यावरचं सूत काढलं आणि म्हणाले की कोट आता कुठे माणसाच्या अंगावर आला. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला मला अख्खी सकाळ मिळाली होती.

निकाल लागला त्यात माझं नाव होतं. त्याचं नव्हतं, प्रतीक्षा यादीतही नव्हतं. तोच पेढे घेऊन माझ्या घरी आला. मुलाखत कशी झाली होती, असं मी आईसमोर विचारलं, म्हणजे फार बोलणं होऊ नये. बरी झाली, पण इंग्रजीत मार खाल्ला, असं तो म्हणाला. पुढच्या वर्षी पुन्हा बस, मी म्हणालो. पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांना काम झेपेना, त्याने बोरगावच्या एका कारखान्यात नोकरी धरली. मी भोपाळहून पुण्याला गेलो, तिथेच स्थिरावलो. स्वतःच्या मापाचे कोट शिवले, तीन.

मधल्या काळात काकाजी गेले. पांढुर्णा जिल्हा झाला, आमचं सौंसर त्यात गेलं, आणि अभ्यासिकेला वरचा मजला चढला. कपाटाची किल्ली मित्राकडे आली. कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशी तो पोरांच्या खोट्या-खोट्या मुलाखती घेतो, नखं तपासतो, टाय बांधायला शिकवतो. वस्तीने दोनदा मला पोरांसमोर भाषण द्यायलाही बोलावलं. मी गेलो, शाल घेतली, आत्मविश्वासावर बोललो.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा अभ्यासिकेसाठी एक नवा कोट घेऊन गेलो. गडद निळा, दोन्ही बटणं सारखी. दुपार होती, पोरं जेवायला गेली होती. मित्राने नवा कोट उलटसुलट करून पाहिला, अस्तर पाहिलं, खूश झाला. बस, चहा सांगून येतो, म्हणून तो बाहेर गेला.

कपाट उघडंच होतं. जुना कोट तिथे लटकत होता, कोपरावर झिजून पांढुरका झालेला. तपकिरी बटण जागच्या जागी. मी आतल्या खिशात हात घातला. प्लास्टिकची पिशवी बदललेली होती, पण चिठ्ठ्या त्याच होत्या. माझी सापडली, घड्यांवर फाटत आलेली. तिच्या खालीच त्याची होती. पहिले तीन प्रश्न माझ्यासारखेच. चौथा असा होता:

"हा कोट कोणाचा, असं विचारलं. त्यांना बटण ओळखू आलं होतं. माझ्या आधीच्याने काय सांगितलं हे मला माहीत नव्हतं. अभ्यासिकेचा म्हटलं आणि त्याने दुसरं काही सांगितलं असलं, तर त्याचं नुकसान झालं असतं. म्हणून मित्राचा आहे, मागून आणला, असं सांगितलं. मग म्हणाले, एवढ्या महत्त्वाच्या दिवसाची तयारी स्वतः केली नाही का. त्यावर उत्तर सुचलं नाही आणि पुढचं सगळं बिघडलं. पुढच्याने सरळ अभ्यासिकेचा म्हणावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

मी ती चिठ्ठी उभ्यानेच वाचली, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचली. त्याने माझं नाव लिहिलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती, त्याच्या आधी कोण गेलं होतं हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर हा कोट घालून गेलेल्या प्रत्येक पोराने हे वाचलं असणार. माझ्या भाषणाला पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनीही. त्यामुळेच त्याची जागा गेली का, हे मला ठाऊक नाही, आणि कळण्याचा मार्गही नाही. कदाचित इंग्रजीतच गेली असेल. पण त्या खोलीत शिरताना त्याला जे माहीत असायला हवं होतं, ते मला माहीत होतं, आणि मी ते खिशात घातलं नाही. त्याने मात्र भर मुलाखतीत मला सांभाळून घेतलं. तो तिथे स्वतःचा विचार करायला गेला होता, आणि त्याने माझा केला.

पावलांचा आवाज आला तशी मी पिशवी खिशात ठेवली. तो दोन कप घेऊन आत आला. कपाटाचं दार जसं होतं तसं नव्हतं, हे त्याने पाहिलं असावं. कप ठेवून त्याने जुना कोट हँगरवर नीट केला, खालचं तपकिरी बटण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक विचारू का गड्या? लय दिवसाचं मनात आहे. तुले बी विचारलं होतं का त्या बाईनं, कोट कोणाचा म्हणून?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकता करायचा असता तर त्याने तो केव्हाच केला असता. त्याने दार उघडून धरलं होतं, मी फक्त आत यायचं होतं.

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "नाही बा. मले तर नव्हतं विचारलं."

"हो का," तो म्हणाला. त्याने मान हलवली आणि नवा कोट जुन्याच्या शेजारी लटकवला. मग टेबलाच्या खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नवीन कोटात पहिली चिठ्ठी तुझीच टाक, म्हणाला, मोठ्या जागी मुलाखती घेतोस, पोरांच्या कामी येईल. मी लिहिलं. वेळेआधी पोचा, बूट पुसा, डोळ्यात बघून बोला. त्याने ती वाचली, बरी आहे म्हणाला, आणि घडी घालून खिशात ठेवली.

त्या कोटाबद्दल मला आयुष्यात दोनदा विचारलं गेलं. पहिल्यांदा विचारणारी बाई परकी होती. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला उत्तर माहीत होतं, तरी मी खोटंच बोललो.