कुणाला बोललात का?

माझ्या साडूंनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे नाशिक-सिन्नर रस्त्यानेही दिले नसतील. पहिला नव्वदच्या दशकातला. रसायनशास्त्रातले डॉक्टर, प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ, क्वार्टर, पेन्शन, सगळं सुरळीत. आणि हे गृहस्थ एका सकाळी राजीनामा देऊन नाशिक रोडच्या दोन खोल्यांत लोकांचे पेटंटचे अर्ज लिहायला बसले! सासूबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांचेच शोध लिहिणार? मग स्वतः काय शोधणार?" साडू म्हणाले, "चष्मा." तो खरंच सापडत नव्हता.

कुणी काही नवीन सांगू लागलं की हे घाबरून विचारत, "कुणाला बोललात का?" अर्जाआधी शोध जाहीर झाला की पेटंट बोंबललं, हे डोक्यात इतकं पक्कं, की मेहुणीबाईंनी दिवस गेल्याची बातमी दिली तेव्हाही आनंदाआधी हाच प्रश्न! आणि माझ्या बहिणीची लग्नपत्रिका यांना तपासायला दिली, हा माझा मूर्खपणा. अर्जात स्वतःला कुठेही बांधून घ्यायचं नसतं म्हणे. पत्रिकेत दुरुस्ती आली : 'किमान एक वर'. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माणूस मात्र भलताच भिडस्त. दुसऱ्यांदा वरण मागतानाही "आपली हरकत नसल्यास" म्हणणार. म्हणून दहा-बारा वर्षांनी विंचूरला जे घडलं, ते डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मी मानलंच नसतं.

तिथल्या माझ्या चुलतभावाने कांदाचाळीत साठवलेला कांदा सडू नये म्हणून जिवाणूंची एक भुकटी शोधली होती. सहा वर्षं खपला होता बिचारा. साडूंनी त्याचा अर्ज लिहीत आणला होता. अर्ज दाखल होईपर्यंत फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. आणि मी शहाण्याने काय करावं? आनंदाच्या भरात गावात त्याचा सत्कार ठेवला! साडूंना नुसतं "जेवायला या" म्हटलं. शाल झाली, नारळ झाला, आणि भाऊ माईक धरून म्हणाला, "लय सोपं हाय मंडळी! भुकटीत काय काय घालायचं ते आता सांगतो." पहिल्या रांगेत एका शेतीऔषध कंपनीचा माणूस वही उघडून बसलेला. शेजारी बघतो तर साडूंची खुर्ची रिकामी! मान वळवली, तर मांडवाच्या कडेला या भिडस्त माणसाने मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढलेला. पंखे थांबले, माईक बंद पडला.

"गेली लाईट! चला, पंगत मांडा," कुणीतरी ओरडलं. लाईट जाण्याचं विंचूरला काय नवल? सगळा मांडव जिलेबीकडे वळला. भावाची भुकटी वाचली. तिसऱ्या दिवशी अर्ज गेला.

परतताना एसटीत मी अजून सुन्नच होतो. म्हटलं, "साडूभाऊ, तुम्ही? आणि हे असलं?" ते म्हणाले, "प्रयोगशाळेत नऊ वर्षं घालवून एक रसायन केलं होतं हो. अर्ज करायच्या आधीच एका परिषदेत फळ्यावर अख्खी कृती लिहून दाखवली. आनंद झाला होता ना! टाळ्या खूप पडल्या. पेटंट गेलं."

इतकी वर्षं या माणसाची टिंगल करत आलो, त्याची मला लाज वाटली. ते मात्र हसून म्हणाले, "माझ्या वेळी कुणी लाईट घालवली नाही, एवढंच."